वाऱ्याची पेटी

मी आणि ती वाऱ्याची पेटी एकाच सालात निंबर्ग्याच्या त्या घरात आलो. मी माघात आले, पेटी फाल्गुनात. मला बघायला जेवढी माणसं आली त्याच्या दुप्पट तिला बघायला आली, हे मी अजून विसरलेले नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझं माहेर औरादकडचं. आम्ही घरात मराठी बोलायचो, बाजारात गरजेपुरती दखनी आणि तेलुगू. कन्नडातलं मला 'बा' म्हणजे ये आणि 'होगु' म्हणजे जा, एवढंच येत होतं. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, काळजी करू नकोस, सासरी मराठी बोलतात. ते काही खोटं नव्हतं. सासरे, म्हणजे मामंजी, मराठी बोलायचे. यजमानही बोलायचे. पण ते दोघं दिवसभर शेतात. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. घरात माझ्या वाट्याला आल्या त्या अक्का.

अक्का मामंजींची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या, त्याला तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. उंच, सडसडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि बोलणं फार थोडं. जे बोलायच्या ते कन्नड. मराठी त्यांना समजायचं, पण बोलताना शब्द हुडकावे लागायचे. आम्ही दोघी चुलीपाशी एकमेकींना वस्तू दाखवून संसार करत होतो. ज्वारीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, 'जोळ.' हा माझा तिथला पहिला शब्द.

ती पेटी येण्याआधी त्या घरात खळं कसं चालायचं, हे मी पाहिलेलं नाही. पण इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते डोळ्यांनी पाहिल्यासारखंच आठवतं. बैलांनी तुडवलेल्या ज्वारीचा ढीग पडलेला असायचा. गडी तिवईवर चढून टोपली डोक्याइतकी उचलून उभे. आणि वारा नसायचा. उन्हात सगळं खळं थांबलेलं, बैलसुद्धा शेपटी हलवत नाहीत. अक्का खळ्याच्या पश्चिमेच्या कडेला अनवाणी उभ्या, तोंड वर, डोळे मिटलेले. कितीतरी वेळ काहीच नाही. मग त्या नुसती मान हलवायच्या. गडी म्हणायचे, अजून पान हललं नसायचं तेव्हा अक्कांना वारा कळायचा. टोपल्या कलंडायच्या, आणि तेवढ्यात लांबून कुठूनतरी वारा येऊन पोचायचा. भुसा एका बाजूला उडत जायचा, दाणे सरळ पायाशी पडायचे. उरलेलं, खडे-माती मिसळलेलं धान्य मग अक्का सुपात घ्यायच्या. त्यांच्या हातून गेलेल्या धान्यात खडा सापडला असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

यजमानांनी ती पेटी सोलापूरला पाहिली आणि मामंजींच्या मागे लागून लागून आणवली. बैलगाडीतून ती उतरवली तेव्हा मी दाराआडून पाहिलं. माणसाच्या छातीएवढी उंच, हिरव्या रंगाची लाकडी पेटी. वर धान्य ओतायला चौकोनी तोंड, पोटात लाकडी पाती, खाली हलणाऱ्या चाळण्या, बाजूला लोखंडी दांडा. दांडा फिरवला की आत वारा सुटायचा. एका तोंडातून भुसा लांब उडायचा, दुसऱ्यातून दाणे घरंगळत यायचे. कन्नडात वाऱ्याला गाळी म्हणतात, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं गाळी पेटगी. तिचं पातं बसवायला आलेला सुतार दखनी बोलणारा. त्यानं नाव ऐकलं आणि विचारलं, 'गाली की पेटी? इसमें गालियां भरके रखते क्या?' त्यानंतर आठ दिवस गावात कुणी कुणाला शिवी दिली की लोक म्हणायचे, पेटी उघडी राहिली वाटतं.

मला मात्र ती पेटी आवडली. दुपारी सगळं गाव तव्यासारखं तापलेलं असायचं, पानही हलायचं नाही, आणि आमच्या खळ्यावर घुर्र घुर्र करत वारा वाहायचा. मी कामाचं निमित्त काढून भुसा उडायचा त्या बाजूला जाऊन उभी राहायची. सोनेरी भुसा अंगावर, केसात, पापण्यांवर. डोळे मिटले की वाटायचं, आपण औरादच्या माळावर आहोत, आत्ता आई हाक मारील. यजमान ओरडायचे, 'तिथं कामून उभी राहायलीस? डोळ्यात जाईल की!' डोळ्यात जायचंच. बरं होतं, पाणी आलं तर कुणी कारण विचारत नव्हतं.

अक्का पहिल्या दिवशी नेहमीसारख्या पश्चिमेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. दांडा फिरला, वारा सुटला. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं त्या कडेला दगडावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून पेटीकडे बघत राहिल्या. त्यांचे हात असे रिकामे मी तोवर पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात मामंजी जेवताना म्हणाले, 'आता घरात सून आली, खळ्यावर पेटी आली. अक्कानं लई कष्ट काढले. पाडवा झाला की तिला गुलबर्ग्याला धाकट्या भावाकडं पोचवतो. तिथं आराम करील.' त्यांनी हे मनापासून, प्रेमानं म्हटलं. म्हणूनच त्यावर कुणाला काही बोलता येईना. अक्कांनी मान हलवली. भांडी घासताना मात्र त्या शब्द हुडकत हुडकत मला मराठीत म्हणाल्या, 'गुलबर्ग्यात दोन खोल्या हाईत. तिथं खळं न्हाई. मी तिथं काय करू गं?' मला इतकं वाईट वाटलं की हातातला तांब्या निसटला. सून म्हणजे मीच. मी आले म्हणून त्या जाणार होत्या.

दोन दिवसांनी यजमान दांडा फिरवत होते, मामंजी बैलांना पाण्यावर घेऊन गेले होते. पेटीच्या तोंडात धान्य ओतायचं काम माझ्याकडे. मी तिवईवर चढले. एका बाजूला ज्वारीचा ढीग, दुसऱ्या बाजूला घोंगडीखाली झोडपून ठेवलेली तूर, ती नंतर साफ व्हायची होती. अक्का जवळ आल्या, माझा पदर नीट खोचून दिला आणि म्हणाल्या, 'जोळ तूरव्वा.'

जोळ मला माहीत होतं. तूर तर आमचीच, मराठी. अव्वा म्हणजे मायेनं मारलेली हाक. मला फार आनंद झाला. अक्कांचं पहिलं अख्खं वाक्य मला कळलं होतं! त्या पाठ फिरवून दगडावर जाऊन बसल्या, आणि मी मोठ्या ऐटीत एक टोपली ज्वारी, एक टोपली तूर, एक ज्वारी, एक तूर अशी पेटीत ओतायला लागले. यजमानांचं तोंड दुसरीकडे. पेटी घुर्र घुर्र करत होती. भुसा उडत होता, ऊन होतं, आणि मला वाटत होतं की आता मी या घरची झाले.

मामंजी बैल घेऊन परत आले तेव्हा पांढऱ्या राशीत तांबडे दाणे पसरलेले. चारएक पोती तरी झाली असतील.

'काय करायलीस अव्वा हे?' ते ओरडले. 'तूर कुणी टाक म्हणलं?'

मी म्हणाले, 'अक्का म्हणल्या. जोळ, तूर.'

मामंजी अक्कांकडे बघायला लागले, अक्का माझ्याकडे. मग यजमानांना उलगडलं आणि ते दांडा सोडून खालीच बसले. कन्नडात तूरु म्हणजे उपण, वाऱ्यावर धर. तुरीला तिकडे तोगरी म्हणतात. अक्कांनी एवढंच सांगितलं होतं, की ज्वारी उपण बाई. आपलं काम त्या माझ्या हातात देत होत्या, आणि मी त्याची खिचडी केली होती.

मामंजींनी दोन्ही चाळण्या बदलून पाहिल्या. आमची शाळू ज्वारी टपोरी, तूर बारीक. दोन्ही एकाच भोकातून पडत. वाऱ्यालाही दोघी सारख्याच जड. यजमानांनी पुन्हा पुन्हा दांडा फिरवला, पेटीनं पुन्हा पुन्हा खिचडीच बाहेर काढली. अशा ज्वारीची भाकरी होत नाही, अशी तूर पेरता येत नाही, आणि मृगाला बियाणं तर हवं. मी रडत होते. अक्का उठल्या. घरात जाऊन सूप घेऊन आल्या, खळ्यात मांडी घातली आणि ओंजळभर धान्य सुपात घेतलं.

तूर गोल असते. सूप जरासं तिरकं धरून अंगठ्यानं टिचक्या मारल्या की ती पुढे घरंगळते. ज्वारीला एका बाजूला चपटेपणा असतो, ती मागे रेंगाळते. हे मला तेव्हा कळलं. टिक, टिक, टिक. सुपाच्या तोंडाशी तांबडी रेघ जमायची, ती त्या एका झटक्यात बाजूला टाकायच्या. मामंजी बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, 'पाडव्यापर्यंत न्हाई व्हायचं हे.'

झालंच नाही. पाडवा गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. आम्ही दोघी रोज दुपारी लिंबाच्या सावलीत बसायचो, आणि मी तिथंच कन्नड शिकले. बिसिलु म्हणजे ऊन. नेरळु म्हणजे सावली. कल्लु म्हणजे खडा. प्रत्येक शब्दाबरोबर एक टिचकी. पुष्कळदा दोघींनाही डुलकी लागायची आणि अक्कांचा अंगठा झोपेतही हलत राहायचा. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढा सुखाचा उन्हाळा दुसरा नाही. मृगाआधी चार दिवस शेवटची ओंजळ निवडून झाली. आता ऐन पेरणीत गाडी कोण जुंपणार, म्हणून गुलबर्ग्याचं राहून गेलं.

पण ते नुसतं राहूनच गेलं होतं. पुढच्या फाल्गुनात पुन्हा खळं झालं आणि गुलबर्ग्याहून पत्र आलं, की पाडव्याला धाकटे मामंजी स्वतः अक्कांना न्यायला येतायत. अक्कांनी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, विभूतीची डबी, पूजेचं सामान. सूप त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं, आतल्या खुंटीला टांगलं आणि तिथंच भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पेटी लागली. यजमान दांड्याशी, मामंजी राशीशी. मी तिवईवर चढले. ज्वारी या बाजूला, तूर त्या बाजूला, मधे तीच हिरवी पेटी. रंग थोडा उडाला होता. अक्का आल्या, गेल्या वर्षीसारखाच माझा पदर खोचला, आणि बारीक आवाजात म्हणाल्या, 'जोळ तूरव्वा.'

एव्हाना मी अक्कांशी कन्नडात भांडतसुद्धा होते. स्वप्न पडलं तर कधी कधी कन्नडात पडायचं.

मी ज्वारीची टोपली ओतली. मग वाकून तुरीची भरली आणि तीही ओतली. मग ज्वारीची. मग तुरीची. मामंजी समोरच होते. पहिली तूर ओतली तेव्हाच त्यांनी पाहिलं असणार, असं मला आज वाटतं. ते मधेच खाली वाकले आणि पायातला काटा काढायला लागले. बराच वेळ काढत होते. चांगल्या सहा-सात टोपल्या तूर गेल्यावर त्यांनी हात वर करून यजमानांना थांबवलं.

पेटीची घरघर मंदावत मंदावत बंद झाली. भुसा हळूहळू खाली बसला. मामंजींनी राशीतली मूठभर पांढरी-तांबडी खिचडी उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बहिणीकडे पाहिलं.

'ही पोर शिकायची न्हाई,' ते यजमानांना म्हणाले. 'धाकट्याला कळव. म्हणावं, येऊ नको. अक्काला इथून हलता येत न्हाई.'

मी तिवईवरून उतरले, घरात पळत गेले, खुंटीवरचं सूप काढून आणलं आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवलं. त्या खळ्यात खाली बसल्या होत्या. केसात भुसा, डोळे भरलेले. त्यांनी मराठी शब्द हुडकले आणि विचारलं, 'अजून कन्नड येईना व्हय गं तुला?'

'नंग कन्नड बरंगिल्ल, अक्का,' मी म्हणाले. मला कन्नड येत नाही, हे त्यांच्याच हेलात, एकही शब्द न चुकता.

अक्कांनी सूप मांडीवर घेतलं, आणि जरा सरकून मला बसायला जागा करून दिली.