प्लास्टिकातली डिग्री

नातीची डिग्री लॅमिनेट करून आणली तेव्हा घरात सगळे खूश होते. आज ते कुणी कबूल करत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो. सुनेनं तो कागद खिडकीशी धरून शिक्का कसा चमकतो ते शेजारणीला दाखवलं. नात स्वतः हसत होती. मी वरच्या प्लास्टिकला भोक पाडलं, भिंतीत खिळा ठोकला आणि भिवंडीत टेमघरच्या आमच्या गल्लीतली इंग्रजीची पहिली डिग्री लटकवली. पुढं जे झालं त्यानंतर मात्र तेच लोक विचारायला लागले, की म्हाताऱ्याला हे करायला सांगितलं कुणी? मला कुणी सांगावं लागत नाही. आयुष्यभर लागलेलं नाही.

कागद प्लास्टिकात घालायची सवय मला नदीनं लावली. आधी आम्ही नदीनाक्याच्या खालच्या अंगाला राहायचो. एका वर्षी कामवारी नदी घरात शिरली आणि पत्र्याची पेटी तरंगत दारापर्यंत गेली. माणसं वाचली, पेटीही सापडली, आतल्या कागदांचा मात्र पिठल्यासारखा गोळा झाला होता. त्यात माझा चौथी पास झाल्याचा शाळेचा दाखला होता. शाळेशी माझा जो काही संबंध आला, त्याचा तेवढाच पुरावा. त्यानंतर ज्या ज्या खिडकीवर गेलो तिथं जन्मतारखेचा कागद मागितला, आणि तोंडी सांगितलेलं चालत नाही म्हणाले. तेव्हापासून घरात महत्त्वाचा कागद आला, की मी तो घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं जातो. रेशनकार्ड, घरपट्टी, नळाची पावती, सगळं प्लास्टिकात. तो म्हणतो, "चाचा, आप एक दिन चाची को भी लॅमिनेट करवाओगे." मी म्हणतो, मशीन मोठं आण, मग बघू.

नात बीए झाली, वर शिकवण्याचा कोर्स केला आणि गावातल्या एका क्लासमध्ये पोरांना इंग्रजी शिकवू लागली. तिथं तिचं मन रमेना. फोनवर शोधून शोधून तिनं व्हिएतनाममधली एक शाळा काढली, लहान पोरांना इंग्रजी शिकवायला. मी विचारलं, त्यांना इंग्रजी शिकवायला भिवंडीची माणसं लागतात? ती म्हणाली, लागतात, पण कागद चोख लागतात. पहिल्या दिवसापासून तिचं एकच म्हणणं होतं, की जाईन तर रीतसर कामाचं परमिट घेऊन जाईन, चोरून नाही.

तिची मुलाखत फोनवरच, व्हिडिओ लावून झाली. बाजूच्या शेडमधल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात पलीकडच्याला काही ऐकू गेलं नसतं, म्हणून तिनं शुक्रवार मागून घेतला. शुक्रवारी आमच्याकडं लूम बंद असतात. मुलाखत घेणाऱ्या बाईनं तिला तिथल्या तिथं शिकवून दाखवायला सांगितलं. नातीनं सुनेची भाजीची टोपली ओढली आणि टोमॅटो, भेंडी, वांगी हातात धरून अशी काही शिकवायला लागली, की मी दारात बसून शिकत होतो. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून माझी ड्युटी गॅसपाशी लागली होती, ती मी विसरलो. शिट्टी झाली. तरी शाळेनं तिला घेतलं.

घोडं अडलं ते डिग्रीवर. त्या कागदावर आधी मुंबईत शिक्का, मग दिल्लीचा, मग त्यांच्या वकिलातीचा, तेव्हा कुठं ती शाळा परमिटसाठी अर्ज करणार. नातीनं डिग्री खिळ्यावरून काढली, मुंबईला गेली आणि संध्याकाळी तशीच घेऊन परत आली. शिक्के कागदाच्या पाठीवर मारतात, प्लास्टिकवर मारत नाहीत. तिथल्या माणसानं प्लास्टिकवर टिचकी मारून विचारलं म्हणे, हे कोणी केलं. नातीनं माझं नाव सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र मोठ्यानं सांगितलं.

झेरॉक्सवाला म्हणाला, वरून ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा, प्लास्टिक सुटेल. नात डिग्रीला हात लावू देईना. मी काही खुळा नाही, आधी माझ्याच ज्येष्ठ नागरिक कार्डावर करून बघितलं. प्लास्टिक सुटलं, पण शाई घेऊन सुटलं. माझं तोंड प्लास्टिकबरोबर निघालं आणि कागदावर तेवढा पत्ता राहिला. ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. कंडक्टर बघतो आणि अर्धं तिकीट देऊन पुढं जातो.

याच वेळी एक एजंट आमच्या घरी आला. माझ्याबरोबर लूमवर असलेल्या एका कारीगराचा तो पोरगा. मोबाइलच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे, लोकांना आखातात पाठवतो. अदबीनं बसला, चहा घेतला आणि म्हणाला, व्हिएतनामला काय एवढं, फिरायच्या व्हिसावर पाठवतो, तिथं ओळखीचा क्लास आहे, उतरल्या उतरल्या शिकवायला लागेल, परमिटचं मागनं बघता येईल. सगळे असेच जातात. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी नातीकडं बघितलं, कारण मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार. पण ती खाली बघत होती. शाळेचा फोन आला होता, की फार दिवस जागा धरून ठेवता येणार नाही.

एजंट गेल्यावर ती म्हणाली, "जाते मी तशीच."

मी म्हणालो, जायचं नाही.

"आजा, तू लूमवर कनचा कागद घेऊन उभा राहिलास? कुनी ओळखीचा म्हनाला ये, नि तू गेलास. पंचवीस शेडमधी तुझं असंच झालं."

खोटं नव्हतं. मी जॉबर होतो, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा. आमच्यात अर्ज नाही, नेमणूक नाही. कुणीतरी हमी घ्यायची, शेठनं मान हलवायची, आपण पाना हातात घ्यायचा. मला त्याचा अभिमान होता. शेठ बोलला की बोलला. शेवटची शेड भंगारात गेली, त्या जागी गोडाऊन झालं, आणि म्हातारपणी काहीतरी मिळतं असं ऐकून मी एका ऑफिसात गेलो. तिथल्या बाईनं विचारलं, कुठं काम केलं त्याचा कागद. शेठ वारला होता. त्याचा मुलगा म्हणाला, चाचा, मी तर तेव्हा लहान होतो. माझ्याकडं पुरावा एकच होता, माझे कान. लूमनं ते निम्मे खाल्लेत. कान काढून टेबलावर ठेवता येत नाहीत.

हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि मला ऐकू कमी येत असल्यानं ओरडून सांगितलं, म्हणजे गल्लीलाही सांगितलं.

"कागदाबिगर जन्मभर काम केला, नि शेवटी मी कामच केला न्हाय असं झालं," मी म्हणालो. "परदेशात तुला हमी कोन घेनार? तो पोरगा? उद्या पोलीस दारात आला तर तू तिथं मास्तरीन न्हाय, फिरायला आलेली बाई."

नातीनं डिग्री आणून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तू घातलास प्लास्टिकात. तूच काढ."

म्हणून आम्ही दोघं विद्यापीठात गेलो, दुसरी प्रत मागायला. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं उलट सोपा रस्ता सांगितला. डिग्री हरवली म्हणून पोलिसात तक्रार करा, तो कागद आणा, दुसरी प्रत लवकर निघेल. मी म्हणालो, हरवलेली नाही, माझ्या पिशवीत आहे.

"बाबा," तो म्हणाला, "पिशवीत काय आहे ते मला सांगू नका."

नात माझा सदरा ओढत होती. पण मी कसा गप्प बसणार? रीतसर जायचं म्हणून एवढी तंगडतोड, आणि पहिलाच कागद खोटा करायचा? मी पिशवीतून डिग्री काढून खिडकीच्या काचेला टेकवली. रांगेतले लोक हसले. तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, मग दुसरा रस्ता लांबचा आहे. खराब झालेली मूळ डिग्री इथं जमा करायची, ती रद्द होणार, मग नवी. मी विचारलं, खराब कुठं झाली? त्याच्या मागच्या कपाटावर फायलींचे गठ्ठे होते, खालच्या गठ्ठ्याला ओल चढली होती. मी बोट दाखवून म्हणालो, तुमच्या ऑफिसातला एक कागद एवढा चांगला असेल तर दाखवा.

नातीनं मला बाहेर बाकावर बसवलं. मी बसलो, पण राग गेला नाही. आणि अजून एक गोष्ट मनातून जात नव्हती. ती डिग्री द्यायची म्हणजे घरातून द्यायची. खिळा तसाच राहणार. चौथीचा दाखला नदीनं नेला होता, हा मी माझ्या हातानं देत होतो. शेवटी उठून आत गेलो आणि खिडकीतून सरकवली. कारणाच्या जागी नातीनं 'लॅमिनेशन झाल्यामुळे' असं लिहिलं होतं. खराब हा शब्द तिनं घातला नाही, हे मी बघून घेतलं.

रद्द करायला त्या माणसानं लाल पेन घेतलं, तर प्लास्टिकवर ते चालेना. घसरायला लागलं. दोनदा दाबून बघितलं, रेघ उमटेना. शेवटी शेजारच्या टेबलावरून मार्कर मागवावा लागला. मी बघत उभा राहिलो.

लांबचा रस्ता खरंच लांब निघाला. फोन केला की साहेब नाहीत, गेलं की छपाईला गेलंय, छपाईतून आलं की सही राहिली. मी एकटाही जाऊन यायचो. खिडकीवरचा माणूस मला लांबून बघून मान हलवायचा, म्हणजे मला चालत पुढं जायलाही नको. मधल्या काळात व्हिएतनामच्या शाळेनं दुसरी कुणीतरी घेतली. त्या दिवशी नात माझ्यापुढं ताट ठेवून आत गेली. कोलंबीचं कालवण होतं, तरी मला गेलं नाही.

एजंट परत आला. या वेळी चहा आणायला मी सुनेला सांगितलं नाही, पण तो बसला. त्यानं तीच गोष्ट मांडली, आता क्लासही मोठा होता म्हणे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नात म्हणाली, "भाई, परमिट आधी काढून देत असशील तर आता निघते. न्हायतर पुन्हा येऊ नको, आजा लय ओरडतो." तो माझ्याकडं बघून हसला. मी हसलो नाही. पण ताट त्या दिवशी संपवलं.

नवी डिग्री आली ती अगदी करकरीत. वर ठळक छापलेलं, दुसरी प्रत. मला ते बघून पुन्हा डोक्यात गेलं. पोरगी पहिल्या झटक्यात पास झालेली, फर्स्ट क्लासात, आणि कागदावर काय, तर दुसरी. खरी तिथं त्यांच्या कपाटात ओल खात पडली आणि जगात मान या दुसरीला. नात म्हणाली, आजा, जाऊ दे, आणि डिग्री माझ्या हाताला लागायच्या आत फायलीत घातली. मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा, तिन्ही शिक्के घेऊन ती फाईल घरी आली, तेव्हासुद्धा ती रात्री उशाशी घेऊन झोपायची. मला म्हणायची, नाक्यावर जाऊ नकोस.

दुसरी शाळा मिळाली ती व्हिएतनाममधलीच, पण आधीच्यापेक्षा लहान गावातली. मुलाखत पुन्हा शुक्रवारीच झाली, या वेळी मी कुकर गॅसवर चढूच दिला नाही. त्या शाळेनं कागद मागवले, परत पाठवले, फोटोला चष्मा नको म्हणाले, पोलिसांचा दाखला जुना झाला म्हणून नवा मागितला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, एवढं एजंटाला सांगितलं असतं तर पोरगी कधीच पोचली असती. हे मी घरात बोललो नाही. एवढं ओरडल्यावर कुठल्या तोंडानं बोलणार?

परवानगीचं पत्र आलं आणि ती गेली. पण तिथं राहायचं खरं कार्ड पोचल्यावर मिळणार होतं, म्हणून मला चैन नव्हतं. फोन आला की मी पहिलं तेच विचारायचो. ती कंटाळून म्हणायची, जेवलीस का असं तरी विचार.

मग एका शुक्रवारी तिनं व्हिडिओ लावला. मागं कुठली तरी हिरवी भिंत होती, पोरांनी काढलेली चित्रं होती. एका चित्रात भेंडी होती, ती मी ओळखली. ती म्हणाली, कार्ड आलं, आणि फोनसमोर धरलं. तिचा फोटो, खाली लिहिलेलं. इंग्रजीचीच अक्षरं, पण प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी नाहीतर तुरा. मी म्हणालो, जरा वाकडं कर, उजेडात धर. तिनं धरलं. कार्ड चमकलं.

"हे प्लास्टिकात हाय," मी म्हणालो.

तिनं कार्ड उलटून पाठही दाखवली.

"कुनी घातला?"

"सरकारनं घातला, आजा," ती म्हणाली आणि हसायला लागली.

मी तिला परत मोठ्यानं सांगायला लावलं, आणि मग फोन सुनेच्या हातात दिला. म्हणालो, नीट बघ.