सहा काचा, एक कपाळ

मी पाट्या लिहितो. दुकानांच्या नव्हे, संग्रहालयातल्या. जगातल्या मोठ्या धर्मांची सहा दालनं आहेत आमच्याकडे आणि प्रत्येक काचेच्या कपाटाखाली जी पाटी दिसते ती माझी. श्रद्धा काय, इतिहास काय, जगावर परिणाम काय, सगळं साठ शब्दांत. हजारो वर्षांचा धर्म साठ शब्दांत कोंबणारा माणूस स्वतःला शहाणा समजायला लागतो. मीही समजत होतो. काचवाल्या मावशींनी ते शहाणपण पहिल्याच आठवड्यात उतरवलं.

मावशी म्हणजे ठेंगणी ठुसकी, पन्नाशी उलटलेली बाई. खांद्यावर कायम दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं. दालनांतल्या काचा पुसणं हे त्यांचं काम. मी नवीन होतो, माझी पाटी कपाटाला बरोबर बसली की नाही ते बघत होतो. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पाटीवाले, तुम्ही लिहिलंय ते खरंच असेल. पण माणसं काय करतात ते या काचेवर असतं. मी पुसायच्या आधी एकदा वाचा."

आणि त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली. मी चाट पडलो. स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर एकदम ओठ उमटले, चार-पाच माणसांचे.

त्या दिवशी त्यांनी मला सहाही दालनं फिरवली. ख्रिस्ती दालनात आई आणि बाळाच्या जुन्या चित्रापुढे ओठांचे ठसे. ज्यू दालनात गुंडाळलेल्या ग्रंथासमोर फक्त दोन बोटांची टोकं, कारण तिथले लोक ग्रंथाला बोटं लावतात आणि ती ओठांना लावतात. हिंदू दालनात ठशांची सगळी गर्दी खाली, मूर्तीच्या पायांच्या उंचीवर. इस्लामच्या दालनात हस्तलिखितांची काच जवळजवळ कोरी. "यांचं कपाळ जमिनीवर टेकतं, काचेवर नाही," मावशी म्हणाल्या. बुद्धापुढेही काच कोरी, पण समोरची फरशी मात्र बसून बसून गुळगुळीत झालेली. आणि शीख दालनाच्या दाराशी कुणी न सांगता काढून ठेवलेले जोडे. "इथे माझं काम काच पुसायचं नाही, कुणाचा जोडा कुणाच्या पायात गेला ते निस्तरायचं."

मी पुस्तकांत सहा महिने डोकं घालून जे शिकलो नव्हतो ते या बाईने अर्ध्या तासात शिकवलं. मी खजील झालो, आणि खरं सांगायचं तर थोडा चिडलोही. पाट्या पुन्हा लिहिल्या. ओठांचं, बोटांचं, फरशीचं त्यात घातलं. संचालकबाईंनी ते सगळं खोडलं. "हे अभ्यासात बसत नाही," म्हणाल्या. बसत नसेल बुवा.

मावशींचे यजमान आमचेच मिस्त्री. ही सगळी लाकडी कपाटं त्यांच्या हातची. उंच, तोंडाने फटकळ, आणि देवाधर्माचं नाव काढलं की त्यांची जीभ करवतीसारखी चाले. "सहा दुकानं," ते मोठ्याने म्हणत, पाहुणे ऐकत असले तरी. "माल दिसत नाही आणि गिऱ्हाईक हटत नाही. असा धंदा मला नाही जमला!" आम्ही हसायचो. मावशी हसायच्या नाहीत, पण चिडायच्याही नाहीत. मला नवल वाटायचं. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"आमचं लग्न दोन दालनांतलं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि घास हातातच राहिला. सहांपैकी एक धर्म त्यांचा, दुसरा मिस्त्रींचा. कोणता कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोन्ही घरांनी दारं लावून घेतली होती. मावशींच्या आईने पत्रं न उघडता परत पाठवली. मिस्त्रींच्या वडिलांनी मुलगा मेला असं सांगून टाकलं. मग लग्नाच्याच दिवशी दोघांनी एकमेकांना शब्द दिला. ना तुझा देव, ना माझा. भांडणाला जागाच ठेवायची नाही. मिस्त्रींना तो शब्द पाळणं सोपं गेलं, त्यांनी चेष्टेवारी नेलं. मावशींना नाही.

"लहानपणची प्रार्थना अजून जिभेवर येते हो," त्या म्हणाल्या. "भांडी घासताना येते. मी गिळते. तीस वर्षं गिळतेय. शब्द म्हणजे शब्द."

या तीस वर्षांत त्यांना एकच मुलगी झाली, आणि गेल्या वर्षी तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालल्याचं निघालं. जिने चढताना पोर मध्येच बसायला लागली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, पण आधी तब्येत सावरू दे. मावशी रोज कामावर येत होत्या, काचा लख्ख होत होत्या, फक्त त्यांचं बोलणं आटलं होतं. मिस्त्रींचं उलट झालं. त्यांच्या चेष्टा वाढल्या.

याच दिवसांत ते डाग सुरू झाले.

रविवारी दालनं बंद झाल्यावर मावशी सगळ्या काचा पुसून जात, सोमवारी आमची सुट्टी. मंगळवारी सकाळी पाहुण्यांसाठी दार उघडायच्या आधी मावशी काचा पुसायला येत, तर सहाही दालनांत एकेक ताजा डाग. कपाळाचा. सगळे एकाच उंचीवर, एकाच आकाराचे. आठ आठवडे असं चाललं. संचालकबाईंनी सगळ्यांना बोलावलं. या वस्तू दुसऱ्यांकडून विश्वासाने आणलेल्या आहेत, कपाटावर कुणी रेलायचं नाही अशी अटच आहे, वगैरे. "इमारत बंद असताना हे होतंय. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी आहे. सापडला की त्याच दिवशी घरी." मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. "एवढा भाविक कोण निघाला बुवा?" ते माझ्या कानात कुजबुजले.

मावशींना डागांचा राग नव्हता. त्यांना कोडं पडलं होतं. "पाटीवाले, हा माणूस कुठल्याच दालनातला नाही. ओठांच्या जागी कपाळ, बोटांच्या जागी कपाळ, बुद्धापुढेही कपाळ. याला एकाही ठिकाणची रीत माहीत नाही."

नवव्या मंगळवारी एका पाटीतली चूक दुरुस्त करायला मी लवकर आलो होतो. मावशी हिंदू दालनात होत्या. त्यांनी काचेवर वाफ सोडली, फडकं उचललं आणि हात तसाच हवेत राहिला. नेहमी त्या ओल्या फडक्याने सरळ पुसून टाकत. त्या दिवशी खिडकीतलं ऊन काचेवर तिरपं पडलं होतं. डागात, डाव्या भुवईच्या वर येईल अशा जागी, एक तिरकी रेघ कोरी होती.

"मावशी?"

"सात टाके," त्या म्हणाल्या. "फळी पडली होती डोक्यावर. मीच धरून बसले होते, डॉक्टर शिवत होते तेव्हा."

ती खूण मी रोज बघत होतो. मिस्त्रींच्या कपाळावर.

आणि मग ही बाई रडेल असं मला वाटलं, तर ती भडकली. असं भडकलेलं मी कुणालाच पाहिलेलं नाही. एरवी "आमचे मिस्त्री" म्हणणारी बाई एकेरीवर आली. "तीस वर्षं मी तोंड शिवून बसले! पोरीच्या उशाशी बसून ओठ चावले, पण शब्द मोडला नाही! आणि हा? एका ठिकाणी नाही, सहा ठिकाणी!"

मिस्त्री शेजारच्याच दालनात बिजागऱ्या आवळत होते. दर मंगळवारी सकाळी कपाटं तपासायची हे त्यांचंच काम, किल्ल्याही त्यांच्याकडेच. आवाज ऐकून ते पेचकस घेऊन दारात आले. काचेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मी निघून जायला हवं होतं. गेलो नाही.

"घरात नाही केलं मी," ते म्हणाले. "शब्द घराचा होता."

"वकिली करू नकोस!"

"बरं. मोडला शब्द." पेचकस ते खिशात घालायला गेले, तो खाली पडला. "तुझा कोण ऐकतो, माझा कोण ऐकतो, मला काय कळतं? एकाकडे गेलो आणि दुसऱ्याचा रुसवा पोरीवर निघाला तर? म्हणून सगळीकडे गेलो. आणि मला येत नाही गं. लहानपणी शिकवलेलं मी मुद्दाम विसरलो. डोकं टेकवतात एवढंच आठवत होतं."

हा तोच माणूस, सहा दुकानं म्हणणारा. मला वाटलं मी चुकीच्या माणसाकडे बघतोय.

मावशींनी तो डाग पुसला. उरलेले पाचही स्वतः पुसले, आधी ओलं, मग कोरडं. परत येऊन म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. त्या दिवशी तिथे बसायचं. माझ्या शेजारी. आणि मी मोठ्याने म्हणणार आहे, जे काय येतं ते. तुम्ही ऐकायचं." अहो-जाहो परत आलं होतं, पण ती विनंती नव्हती.

त्या मंगळवारी मी सातलाच पोचलो. का, ते मला सांगता येत नाही. किल्ल्या त्या दिवशी मिस्त्रींनी माझ्याकडे दिल्या होत्या. दालनं रिकामी, काचा लख्ख. सहाही काचांवर वाफ सोडून बघितली. कुठेच काही नाही. आज या सहाही जणांना कुणी काही सांगितलेलंच नाही, या विचाराने मला एकदम धस्स झालं. वेड्यासारखा विचार. बारा वर्षं धर्मांवर लिहितोय, एकाही ठिकाणी हात जोडलेले नाहीत. माझ्या मते ते सगळे अभ्यासाचे विषय होते.

मी पहिल्या काचेवर डोकं टेकवलं. मग दुसऱ्या. सहाव्या काचेशी पोचलो तेव्हा माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी संचालकबाईंनी हाक मारली. मावशी रजेवर, काचा पुसायला कुणी नव्हतं. बाई ख्रिस्ती दालनात काचेकडे बोट दाखवून उभ्या होत्या. "मिस्त्रींना बोलवा. त्यांच्याकडेच किल्ल्या असतात."

"मिस्त्री कालपासून दवाखान्यात आहेत," मी म्हणालो. "ते माझं कपाळ आहे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू कपाटातली मूर्ती बोलली. "तुमचं? आणि आधीचे?"

"सगळे माझ्याच नावावर लिहा."

त्याच दिवशी घरी पाठवलं नाही, बारा वर्षांची नोकरी आड आली असावी. पण लेखी ताकीद मिळाली. माझ्या फाईलमध्ये ती आजही आहे: दालनांतील काचांवर वारंवार डोके टेकवणे. साठ शब्दसुद्धा लागले नाहीत.

शुक्रवारी मावशी आल्या. डोळे सुजलेले, खांद्यावर दोन फडकी. मला विचारायचं धैर्य होईना.

"उठून बसली," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं. कुणामुळे म्हणून विचारू नका, डॉक्टरांमुळे." मग कामाला लागल्या. ख्रिस्ती दालनात त्यांनी काचेवर वाफ सोडली, वाकून बघितलं आणि तशाच थबकल्या. तिरकी रेघ नव्हती. त्याऐवजी दोन बारीक ओरखडे होते, कपाळाच्या खाली, दोन्ही बाजूंना. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, मग माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे. त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं आता रागावतील.

"पाटीवाले," त्या म्हणाल्या, "अहो, चष्मा काढून तरी टेकवायचं."