सात अंशांचा घोळ

गेल्या शनिवारी अकोल्यात आमच्या गॅरेजच्या टेबलावर एक रोटरी इंजिन आलं आणि माझी तीन दिवसांची झोप गेली...

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टचं इंजिन मोजायला घरी आणलं, कारण मोजायला मला बाबांनीच शिकवलं. ते शेतातल्या पंपांची इंजिनं दुरुस्त करतात. तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मी चौथीच्या सुट्टीतच शिकले.

या इंजिनात पिस्टन नसतो. तिकोनी रोटर फिरतो आणि भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो-झाकतो. शाफ्ट किती अंश फिरल्यावर पोर्ट बंद होतो, तेवढं मला मोजायचं होतं. शाफ्टवर अंशांची चकती, आणि आकडा दाखवायला शेजारी तांब्याची आडवी तार.

त्या आकड्यावरून माझा टीममेट प्रज्वल मंगळवारी पोर्ट घासून मोठा करणार होता. घासलेलं लोखंड परत येत नाही... आणि आमच्याकडे इंजिन एकच!

शनिवारी तीनदा मोजलं. पन्नास, पन्नास, पन्नास. रविवारी सकाळी राहवेना म्हणून पुन्हा मोजलं... सत्तावन्न.

रोटरच्या तिन्ही बाजूंनी मोजलं. तिन्हीकडे सत्तावन्न. शनिवारचा आकडा मी लाल पेनने खोडला, मग खोडल्याबद्दल वाईट वाटून खाली टीप लिहिली.

सोमवारी सकाळी जुन्या शहरात जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच निघाला. तेव्हा खरी भीती वाटली, म्हणजे दोष डोळ्यांत नव्हता, डोक्यात होता. टीमच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "माझ्या मोजमापावर विश्वास ठेवू नका." प्रज्वलने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात दुपार गेली.

पंपाच्या कामावर खेड्यात गेलेले बाबा दुपारनंतर परतले.

"काहून वं, तोंड पाडून बसली?"

"बाबा, सात डिग्रीचा फरक येऊन राहिला. मले काहीच जमत नाही."

त्यांनी माझी वही उघडलीच नाही. वाकून तारेकडे पाहिलं. तारेला कुंकू लागलेलं होतं, आणि मागे झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

"अवं, या ताराले हार कोनं घातला?"

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मी घातला, शनिवारी दिवाबत्तीच्या वक्ती. नवी मशीन आली, तिले हार नको? सकाळी तू उठाच्या आंधी काढला बी."

"इंजिनाले घालाचा ना मंग!"

"चाकात अडकला असता म्हनून ताराले टांगला. इतकं समजते मले!"

"केवढा होता?"

"माहेरून आली होती फुलं... किलोभर असन."

आईच्या माहेरी फुलशेती आहे. तिथे हात आखडून हार करत नाहीत.

बाबा खाली बसून हसायला लागले. "तांब्याची तार हाये वं, लोखंडाची नाही. किलोभर झेंडूनं वाकनच." मग माझ्याकडे वळले, "अन् तू डोळे तपासून आली?"

तार सरळ केली, चकतीवरची शून्याची खूण पुन्हा जुळवली, मोजलं. पन्नास. तीनदा पन्नास. ग्रुपवर लिहिलं, "विश्वास ठेवा." प्रज्वलने पुन्हा तोच अंगठा पाठवला.

मंगळवारी पोर्ट पन्नास धरूनच घासला. आईसाठी बाबांनी टेबलाच्या कडेला एक जाड खिळा ठोकला आहे, कितीही मोठा हार चालेल असा.

मी मात्र विचार करतेय... तीन दिवसांत मी माझे डोळे, माझं डोकं, माझी अख्खी डिग्री तपासली. हातभर अंतरावरची तार तपासायचं सुचलं नाही. स्वतःवर संशय घेणं म्हणजे काटेकोरपणा नव्हे, हे या वयात तरी कळलं... आई, थँक यू.