सातूची निवळ

मला बिअर फारशी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. ती किती गढूळ आहे हे मोजायची मात्र सवय आहे. शिरूरजवळच्या एका बिअरच्या कारखान्यात, लॅबमध्ये, माझं कामच ते. सातूच्या, म्हणजे बार्लीच्या, दाण्यातून गाळून आलेला रस यंत्राखाली धरायचा आणि आकडा लिहायचा. गाळतं यंत्र, मोजतं यंत्र, पगार मी घेते. तरी मला वाटायचं, यातलं सगळं आपल्याला कळतं.

त्याच तोऱ्यात मी निमोण्याला माहेरी वडिलांना म्हणाले, "आप्पा, कांद्याच्या कडेला दोन वाफे सातू पेरा. मी घरी बिअर करून दाखवते." आप्पा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. पण लेक म्हणाली म्हणून त्यांनी कांद्याचे दोन वाफे मोडून सातू पेरला. मग काय, गावाला विषय मिळाला. बांधाशेजारचे मामा येता-जाता विचारायचे, "आप्पा, घोडं घेतलं का? सातू कुनासाठी?" आप्पा हसून सोडून द्यायचे. एकदा मात्र मला हळूच म्हणाले, "बाई, तेवढं नीट कर. न्हाईतर ह्यो मामा मला मरूस्तवर सोडायचा न्हाई."

कापणीनंतर बिअरसाठी दाण्याला मोड आणले, त्यातच निम्मा सातू बुरशीने गेला. उरलेला मी गच्चीवर वाळवला, मंद भाजला. भरला पाच किलो. म्हणजे डाव एकच.

रविवारी सकाळी आप्पा तो घेऊन गिरणीत गेले. मी बजावलं होतं, नुसता भरडून आणा. दाणा फुटला पाहिजे, टरफल शाबूत राहिलं पाहिजे. गाळणी म्हणजे ते टरफलच. तळाशी त्याचा थर बसतो आणि रस त्यातून निवळून खाली येतो. आप्पांनी गिरणीवाल्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "भरडा जनावराला देत्यात आप्पा. लेकीला कुनी भरडा देतं व्हय?" आणि त्याने मान राखून दोनदा दळून दिलं. ते ऊन-ऊन पीठ आप्पांनी मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवलं. "बघ, मैद्यावानी झालंय."

माझा स्वभाव तापट. पण त्यांच्या तोंडाकडे बघून राग गिळला. तोटी असलेल्या पाण्याच्या पिंपात तळाला चाळणी बसवली, पीठ टाकलं, चटका बसेल असं पाणी ओतलं आणि तासभर झाकून ठेवलं. वास तर झकास सुटला. तोटी उघडली, पळीभर लगदा आला आणि धार बंद. मी ढवळलं, पिंप हलवलं, तोटीत फुंकरसुद्धा मारली. काही नाही.

मामा बाजेवर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "आप्पा, खळ झाली. आता कागुद चिकटवाया घे."

"एक काम सांगितलं होतं आप्पा तुम्हाला," मी बोलून गेले. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझी मला लाज वाटली.

थोड्या वेळाने ते उठले, पिंपात डोकावले आणि म्हणाले, "ह्ये तर झिऱ्यावानी हाय."

तरुणपणी ते मेंढरं घेऊन उन्हाळ्यात दौंडकडे उतरायचे. भीमेचं पात्र कोरडं पडलं की वाळूत खड्डा करून पाणी काढायचं, तो झिरा. "गाळात झिरा धरत न्हाई, रेव लागती. आन् पहिलं पानी गढूळच येतं. तवा जो घाई करून तांब्या बुडवितो, तो गाळ पितो."

गोठ्यात त्याच सातूच्या मळणीचं भुसकट पोत्यात पडलं होतं. आप्पांनी ते तीन पाण्यांतून धुतलं, मी उकळत्या पाण्यातून काढलं आणि रेवेच्या जागी पिंपात कालवलं. मग नुसतं बसून राहायचं. ते मला जमत नाही. तोटी उघडल्यावर करंगळीपेक्षा बारीक धार आली. मी ती मोठी करायला हात घातला, तर आप्पांनी हातावर चापट मारली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

पहिला तांब्या गढूळ. झिऱ्याचं तसलं पाणी फेकून देतात. आप्पांनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "ह्ये गोड हाय, फेकू नगं. वरनं घाल." थराला खड्डा पडू नये म्हणून मी वर ताटली ठेवून हळू ओतला. दुसरा तांब्या गढूळ. तिसराही. चौथा भरताना धारेचा रंग बदलला. पातळ मधासारखा नितळ रस तोटीतून उतरू लागला आणि मी चाळिशीतली बाई अंगणात टाळ्या पिटत नाचले. कारखान्यात हजारो नमुने हाताखालून गेले, पण असा आनंद एकदाही झाला नव्हता.

आप्पांनी काचेच्या ग्लासात रस घेतला, उन्हात धरला आणि मामांसमोर नेला. "काय दिसतंय ह्यातनं?"

"तुझं त्वांड."

"मंग झालं."

"डोळ्याचं काय सांगतो," मामा म्हणाले. "लेकीचं मशीन काय म्हनतंय ते बघू."

आप्पांचा चेहरा पुन्हा जरासा उतरला. तो ग्लास मात्र त्यांनी पिऊन टाकला आणि म्हणाले, "एवढं ग्वाड हाय, आन् ह्याची बिअर करून तू वाटुळं करनार."

सोमवारी मी बाटलीभर रस लॅबमध्ये नेला. यंत्राखाली धरला. आकडा आला. कारखान्याच्या मालापेक्षा थोडा जास्त, पण आमच्या मर्यादेच्या आत. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आप्पा, पास झाला."

ते घाईघाईने म्हणाले, "थांब, थांब. मामा हितंच बसलाय. त्याच्या कानाला लावतो. परत सांग, आन् जरा मोठ्यानं सांग."