सुपातली पोर आणि भांडेवाली

आमची माय प्लँटच्या बांधकामावर रेजा होती. दिवसभर डोक्यावर घमेली वाहायची आणि संध्याकाळी चुलीपाशी बसली की मला म्हणायची, वाच. मी तेव्हा दहा वर्षांची. रेल्वेतल्या मामाने नागपूरहून सहा पुस्तकं आणली होती. त्या सगळ्यांत सुपात बसून उडणारी, कोणालाच न जुमानणारी एक पोर होती. तिच्या जोरावर मी एकदा पाणी भरायला चक्क नकार दिला आणि मार खाल्ला.

पहिल्याच पुस्तकात ती पोर राक्षसाचा किल्ला पेटवून देते. मी नाचत नाचत वाचलं. भाकरी थापता थापता मायने विचारलं, "तिले दार उघडून देणारी, राक्षसाचे भांडे घासणारी भांडेवाली आतच राह्यली ना? तिचं काय झालं?"

मला असा राग आला! पळाली, म्हटलं, आणि पान उलटलं. पण माय सोडते थोडीच. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती बाई कुठं पोचली ते तिला हवं असायचं, आणि मी पानावरून वाचल्यासारखं ठोकून द्यायची.

आता मी प्लँटच्याच वसाहतीत, सेक्टर सहाच्या शाळेत शिकवते, आणि माय विहारातल्या प्रौढांच्या वर्गाला लिहा-वाचायला शिकायला जाते. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, पहिलं अख्खं पुस्तक वाचीन तर सुपातल्या पोरीचंच. ट्रंकेतून काढून आधी मीच सहाही पुस्तकं वाचली. तीच पोर, तेच सूप, पण या खेपेला मला काही उडता येईना. सहा पुस्तकांत भांडेवालीला एकच ओळ होती. दार उघडते, संपली. चार दिवस माझं कशातच लक्ष लागलं नाही. खरं सांगावं, की पुस्तकं वाळवीने खाल्ली म्हणावं? दोन्ही जमलं नाही.

रविवारी माय ओळीखाली बोट ठेवून वाचत बसली. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होते. आगीच्या पानावर तिचं बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"इथं तर बाई पळाली नाही."

मीच बनवलं होतं, मी सांगून टाकलं. फार लाज वाटली.

मायने माझी वह्या तपासायची पेन्सिल घेतली आणि समासात एकेक अक्षर दाबून लिहिलं, बाई पळाली. मग दुसरं पुस्तक पुढ्यात ओढलं.

"सांग," ती म्हणाली, "इथं बाई कुठी होती?"

मीच रचलेलं होतं सगळं, आणि मला त्यातलं काहीच आठवेना.