माझ्या हातचा हुरडा

“भाजायचं काम तू कर. चोळायचं न्हाई.”

ओंकारची आजी मला असं म्हणाली. भर शेतात, सगळ्या पोरापोरींसमोर. माझ्या हातात आगटीतून काढलेलं गरम कणीस होतं. हात पोळत होता, पण ते टाकावं की धरून बसावं, हेच मला कळेना.

हुरडा खाल्लेल्यांना सांगायला नको. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीचं कोवळं कणीस भाजायचं, गरम आहे तोवर तळहातावर चोळायचं आणि दाणे समोरच्याच्या ओंजळीत द्यायचे. आजीचं म्हणणं असं, की आगीला विटाळ नसतो. माझ्या तळहाताला असतो.

जरा आधीच तिनं विचारलं होतं, “कुठली गं तू? आडनाव काय?” मी जत तालुक्यातलं गाव सांगितलं आणि आडनावही खरं तेच सांगितलं. त्यावरून तिला जात कळली. गाडीतनं उतरताना ओंकार माझ्या कानाशी आला होता. “मावशी, आजी लय जुन्या वळणाची हाय. आडनाव इचारलं तर कायतरी दुसरं सांगा.” मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

आता ही पोरं कोण, ते सांगते. माझे मालक वारल्यावर मी जत सोडलं आणि कराडजवळ मलकापुरात डबे करायला लागले. नर्सिंग शिकणारी पोरं माझी गिऱ्हाईकं. ओंकार त्यातलाच. आणि माझ्या मागच्या खोलीत नेमा राहते, त्यांच्याच वर्गातली. आफ्रिकेतल्या टांझानियाची. एवढा समुद्र ओलांडून पोरगी शिकायला आली, तर तिचा रंग बघून कुणी खोली देईना. मी दिली. मराठी मोडकंतोडकं बोलते, पण शिव्या पक्क्या. पोरांनी आधी त्याच शिकवल्या.

रविवारी वर्गातली पोरं फिरायला निघाली, की ही धावत जायची. कधी कराडच्या नदीसंगमावर भेळ खायला, कधी कासला फुलं बघायला. आल्यावर मला फोटो दाखवायची. फोटोत सगळे असायचे, ती नसायची.

“तू कुठं हायस गं?”

“मी फोटो काढते ना, मावशी.”

सगळ्यांच्या पिशव्याही तीच धरायची. एकटं बसण्यापेक्षा बरं, म्हणायची. त्यावर मी काय बोलणार?

ह्या वेळी आटपाडीकडं, ओंकारच्या शेतात हुरड्याचा बेत ठरला. नेमा हटून बसली, मावशी येणार. पोरं लगेच कबूल झाली. मी ठेवणीतलं पातळ नेसले. जन्मात पहिल्यांदा पाहुणी म्हणून कुणी बोलावलं होतं हो मला. पोचल्यावर कळलं, आगटीपाशी बसायला माणूस पाहिजे होतं.

आजी काय बोलली ते नेमाला उमगलंच नाही. ती आली आणि माझ्यापुढं ओंजळ धरली. “मावशी, मला द्या.” मी चोळून दिला. तिनं फुंकर मारून फोलकट उडवलं, थोडा खाल्ला आणि उरलेला सतरंजीवरच्या पोरींपुढं धरला. “घ्या, गरम गरम!”

पोरींचे हात मागं गेले.

आजी ओरडली, “ते म्हशीला घाल!”

“पण मी खाल्लं ना?”

“तू खा गं, तुला चालतंय,” एक पोरगी म्हणाली. “तुमची दोघींची एकच टीम.” सगळे हसले.

“मला का चालतं?” नेमानं विचारलं.

पोरींनी माना मोबाईलात घातल्या. मी नेमाचा चेहरा बघितला. तो माझाच होता. जतच्या शाळेत, माठापासून लांब उभ्या केलेल्या पोरीचा.

खरं सांगते, मला गप्प बसायचं होतं. माझी चूल ह्या पोरांच्या डब्यांवर पेटते. गिऱ्हाईकं बहुतेक ओंकारनंच आणलेली. आजीच्या मागं उभा राहून तो मला हातानं खुणावत होता, नको, नको. पण ती पोरगी ओंजळ तशीच धरून उभी होती. मी उठले.

“आवं आजी, तुमचा नातू मलकापुरात रोज माझ्याच हातची भाकरी खातोय. काल वांग्याची भाजी परत मागून घेतली त्यानं. इचारा त्याला.”

आजीनं ओंकारकडं बघितलं. तो म्हणाला, “मला काय म्हाईत हिची जात?”

मावशी. कालपर्यंत मावशी. आज ‘ही’.

“म्हाईत न्हवतं, तर मगाशी माझ्या कानात काय सांगितलंस रं?”

तो पाठ फिरवून गाडीकडं गेला. आम्ही दोघी ज्वारीतनं चालत रस्त्यावर आलो, एस्टीची वाट बघत उभ्या राहिलो.

“मावशी, आता रविवारी मला कोणी बोलावणार नाही.”

“न्हाई बोलावणार,” मी म्हणाले. खोटा धीर कशाला द्यायचा?

दुसऱ्या दिवशी डबे न्यायला कुणी आलं नाही. भाकरीची चळत गार झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. नेमा वर्गात एकटी बसते. शेजारीण म्हणते, “पोराची माफी माग. न्हाईतर दुसऱ्या गल्लीत जा, आडनाव बदल, कोण बघतंय?” भीती मलाही वाटते. परत दुसऱ्याच्या शेतात खुरपं धरायचं बळ ह्या हातांत उरलेलं नाही. पुढचा महिना कसा जाईल, माहीत नाही.

तरी दारावर पाटी रंगवायला रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “नुसतं ‘मावशीचे डबे’ लिहितो की.”

म्हटलं, न्हाई. पूर्ण नाव लिही, आडनावासकट. रस्त्यावरनं वाचता येईल एवढं मोठं. ज्याला माझ्या हातचं खायचंय, त्यानं ते वाचून आत यावं. कुणीच आलं नाही, तर चूल विझेल. पाटी उतरणार नाही.