नावाचं कारण विचारणारे गुरुजी

गंगाधर गुरुजींशी आमच्या घराची ओळख झाली ती भांडणातून. भांडण माझ्या आईचं होतं, आणि ते तिनं अनेक वर्षं मनातच ठेवलं.

घोडेगावजवळच्या वस्तीवरून आई मला शाळेत घालायला घेऊन आली. गुरुजींनी नाव विचारलं. "धोंडाबाई," आई म्हणाली. गुरुजी हळहळले. "एवढ्या गोड पोरीला धोंडा म्हणायचं? मी सुलोचना लिहितो," म्हणाले आणि रजिस्टरात लिहूनही टाकलं. आई काहीतरी बोलणार होती, पण गुरुजींपुढे तिचं तोंड उघडलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी येऊन मला बघून जायची. मला वाटायचं, आईची माया! घरी मात्र मी धोंडाच राहिले.

पुढे मला अध्यापक विद्यालयात धाडायला वडील तयार होईनात, तेव्हा गुरुजी चार वेळा उन्हातान्हात वस्तीवर आले. चौथ्या वेळी वडीलच म्हणाले, "घिऊन जा गुर्जी पोरीला, पर तुमी आता सावलीत बसा." मी शिकून त्यांच्याच शाळेत शिक्षिका झाले.

गुरुजींना नाद एकच, झाडांच्या नावांचा. आघाडा, तरवड, कुर्डू, जे दिसेल त्याचं नाव ते तिथल्याच माणसाला विचारत आणि वहीत सांगणाऱ्याच्या नावासकट लिहीत. "असंच म्हणतात" हे उत्तर त्यांना चालत नसे. घोडेगावच्या बैलबाजारात एकदा एक व्यापारी वैतागून म्हणाला, "गुर्जी, बैल बघा की! गवात काय बघताय?" गुरुजींनी त्यालाच त्या गवताचं नाव विचारलं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आई पाझर तलावाच्या कामावर जात होती. एका दुपारी गुरुजी आणि मी तिकडे गेलो. सगळं माळरान करपलेलं, हिरवी तेवढी घाणेरी. गुरुजींनी आईला विचारलं, "फुलं इतकी देखणी, मग नाव असं का हो?"

"वासामुळं. शेरडं तोंड लावत न्हाईत तिला," आई म्हणाली. "म्हनून तर तगली. चांगल्या नावाचं समदं खाऊन गेली." मग डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "म्या बी त्येच केलं हुतं, गुर्जी. हिच्या आधीची तीन लेकरं पाळन्यातच गेली. हिला धोंडा म्हनलं, म्हंजी काळाची नजर पडायची न्हाई. तुमी नाव बदललं, आन् माज्या जिवाला घोर लागला. रोज बघाया यायची, हाय का न्हाई म्हनून."

मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच रडले.

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. कामावरच्या सगळ्या बायांसमोर म्हणाले, "बाई, माझं चुकलं. वहीभर झाडांची कारणं विचारत हिंडलो, तुमच्या पोरीचं विचारलं नाही. रजिस्टरात परत धोंडाबाई लिहू का?"

"आता वाढली की पोर. ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "फुडच्याला तेवढं इचारा."

इतकी वर्षं गुरुजी राहिलेल्या माणसानं टोपी काढून चूक कबूल करावी, हे मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. त्या जूनपासून आमच्या शाळेत नाव घालताना आधी आईला कारण विचारतात, आणि ती सांगेल तेच नाव लागतं. घाणेरीच्या पानावर वहीत माझ्या आईचं नाव आहे.

गुरुजींच्या साठीनिमित्त मी हा लेख लिहितेय असं सांगितलं, तर आई काळजीत पडली. "येवडं चांगलं येका जागी लिवू नगं, दिष्ट लागंल. लिवायचंच आसंल तर त्यास्नी आधी येक वंगाळ नाव ठिव." कोणतं, ते ठरवायला तिला दोन दिवस लागले. अखेर तिनं केरबा ठरवलं, म्हणजे केरात टाकलेला, कुणालाच नको असलेला.

तेव्हा मंडळी, आईची आज्ञा मोडवत नाही. आमच्या केरबा गुरुजींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि काळानं त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नये.